मोठ्या फोनचा नित्य वापर : लक्षण, मापे आणि निर्णय

विवेचनाचा विषय अँड्रॉइड प्रणालीवर चालणारा मोठा फोन आणि तो रोज वापरणाऱ्या माणसाचा अनुभव, हा आहे. ‘अनुभव’ या पदाने येथे खरेदीच्या वेळचे आकर्षण अभिप्रेत नाही. वापराच्या प्रत्येक प्रसंगी डोळ्याला, हाताला आणि दिनक्रमाला जे पुनःपुन्हा घडते, आणि पुनरावृत्तीने ज्याची सवय किंवा पीडा होते, ते अभिप्रेत आहे. प्रथम लक्षण, नंतर मापे आणि त्यानंतर त्या मापांचे परिणाम, या क्रमाने विचार करावयाचा आहे; कारण मापांविषयीची समजूत सदोष असेल तर परिणामांची चर्चाही सदोष होते.

१. लक्षण

प्रचलित लक्षण पडद्याच्या कर्णावर आधारलेले आहे : ज्याचा कर्ण साडेसहा इंच किंवा अधिक तो मोठा फोन. लक्षणाचे जे तीन दोष शास्त्रकारांनी सांगितले आहेत त्यांपैकी दोन या लक्षणात आढळतात. २०१४ च्या नेक्सस ६ या फोनचा कर्ण ५.९६ इंच होता आणि रुंदी ८३ मिलिमीटर. आजच्या कोणत्याही हाताला तो मोठाच वाटेल. परंतु वरील लक्षणात तो बसत नाही. ही अव्याप्ती. उलट, मधोमध दुमडणाऱ्या २०२० च्या गॅलेक्सी झेड फ्लिपचा कर्ण ६.७ इंच आहे, रुंदी मात्र ७४ मिलिमीटरच्या आत आहे आणि दुमडल्यावर तो लहान खिशातही मावतो. लक्षणानुसार तो मोठा ठरतो, वहनाच्या दृष्टीने तो तसा नाही. ही अतिव्याप्ती.

म्हणून लक्षण हाताच्या संदर्भात केले पाहिजे. जो फोन एका हातात धरला असता, पकड न बदलता, त्याच हाताच्या अंगठ्याला पडद्याच्या समोरील बाजूच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचता येत नाही, तो त्या हातासाठी मोठा होय. हे लक्षण सापेक्ष आहे, असा आक्षेप संभवतो. आक्षेप खरा आहे, परंतु तो दोष नव्हे : पादत्राण मोठे की लहान हे पायावाचून सांगता येत नाही, तसेच हे आहे. या लक्षणाने आज बाजारात मिळणारे बहुतेक अँड्रॉइड फोन बहुतेक हातांसाठी मोठे ठरतात. स्त्रियांचा हात सरासरीने पुरुषांच्या हातापेक्षा लहान असल्याने त्यांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. एकाच घरात एकच फोन पतीला सोयीचा आणि पत्नीला अवजड वाटत असेल, तर तो मतभेद नसून मापभेद आहे.

२. मापे

कर्ण ही एकच संख्या असल्यामुळे ती दोन भिन्न राशी झाकते : रुंदी आणि उंची. गुणोत्तर बदलले की कर्ण तोच राहूनही या दोन्ही राशी बदलतात. हा मुद्दा गणिताने स्पष्ट केला पाहिजे.

पहिल्या अँड्रॉइड फोनचा, म्हणजे २००८ च्या एचटीसी ड्रीमचा, पडदा ३.२ इंचांचा होता. मोठ्या फोनची परंपरा ज्याने रुजवली तो सॅमसंगचा गॅलेक्सी नोट सप्टेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात सादर झाला. त्याचा कर्ण ५.३ इंच आणि गुणोत्तर १६:१० होते. यावरून पडद्याची रुंदी सुमारे ७१ मिलिमीटर आणि उंची सुमारे ११४ मिलिमीटर येते. त्याच कंपनीच्या २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ अल्ट्राचा कर्ण ६.८ इंच आणि गुणोत्तर १९.५:९ आहे, त्याच्या पडद्याची रुंदी सुमारे ७२ मिलिमीटर आणि उंची सुमारे १५७ मिलिमीटर येते. कर्णात दीड इंचाची वाढ झाली. रुंदीत ती एका मिलिमीटरची आहे. क्षेत्रफळ सुमारे ८१ चौरस सेंटिमीटरवरून ११३ वर गेले, आणि ही जवळजवळ सर्व वाढ उंचीतून आली. पडद्याभोवतीची मोकळी कड आक्रसल्यामुळे फोनच्या अंगाची रुंदी तर ८३ वरून ७९ मिलिमीटरवर उतरली. वजन मात्र १७८ ग्रॅमवरून सुमारे २३२ ग्रॅमवर चढले.

यावरून पहिला निष्कर्ष : २०११ ते २०२४ या काळात मोठा फोन रुंद झालेला नाही, तो उंच आणि जड झाला आहे. या बदलाचे वळण २०१७ हे वर्ष मानावे. त्या वर्षी एलजी जी६ने १८:९ आणि गॅलेक्सी एस८ने १८.५:९ हे गुणोत्तर आणले आणि पुढे बहुतेकांनी तीच दिशा अनुसरली.

आता रुंदी कशासाठी उपयोगी आणि उंची कशासाठी, हे वेगळे केले पाहिजे. रुंदीवर तीन गोष्टी अवलंबून आहेत : (अ) एका ओळीत मावणारी अक्षरे, (आ) कळफलकावरील एका कळीची रुंदी, (इ) फोन आडवा केला असता चित्राची उंची. उंचीवर दोन : (अ) एका वेळी दिसणाऱ्या ओळींची संख्या, (आ) कळफलक उघडल्यावर उरणारी जागा.

(इ) या बाबीत नव्या मोठ्या फोनच्या धन्याला जो अपेक्षाभंग होतो त्याचे कारण येथेच सापडते. दूरचित्रवाणीच्या पद्धतीने केलेली चित्रफीत १६:९ या गुणोत्तराची असते. २०:९ गुणोत्तराच्या ६.७ इंची पडद्यावर ती आडवी पाहिली की दोन्ही बाजूंस काळे पट्टे राहतात आणि पडद्याचा केवळ ८० टक्के भाग उपयोगात येतो. त्या चित्राचा प्रत्यक्ष कर्ण ५.६ इंच भरतो. जुन्या १६:९ गुणोत्तराच्या ६ इंची फोनवर हेच चित्र पूर्ण ६ इंचांचे दिसत असे. अर्थात, कर्ण वाढूनही चित्र लहान झाले. पट्टे घालवण्यासाठी चित्र बोटांनी ताणले तर त्याची वरची आणि खालची कड कापली जाते, आणि मराठी उपशीर्षके असतील तर पहिला बळी त्यांचा जातो.

उंचीचा लाभ मात्र निर्विवाद आहे. कळफलक पडद्याची पाचएक सेंटिमीटर उंची व्यापतो. ११४ मिलिमीटर उंचीच्या पडद्यावर तो उघडला की वर साडेसहा सेंटिमीटरांहून कमी जागा उरे. १५७ मिलिमीटरच्या पडद्यावर सुमारे साडेदहा सेंटिमीटर उरते. समोरच्याचे पत्र डोळ्यांपुढे ठेवून उत्तर लिहिता येणे, आधीचे वाक्य न सरकवता दिसणे, हा लेखनातील फार मोठा फरक आहे. रोज लिहिणाऱ्यांना मोठ्या फोनचा जो खरा उपयोग होतो तो हा. जाहिरातीत तो क्वचित सांगितला जातो.

३. दृष्टी

मोठा पडदा दृष्टीला दोन प्रकारे उपकारक होऊ शकतो. (१) विस्तार : अक्षर तेवढेच ठेवून अधिक मजकूर दाखवणे. (२) विवर्धन : मजकूर तेवढाच ठेवून अक्षर मोठे दाखवणे. दोन्ही लाभ एकाच वेळी पूर्णांशाने मिळू शकत नाहीत. क्षेत्रफळ ठरलेले असल्याने एकाची वृद्धी दुसऱ्याच्या क्षयाने होते. अँड्रॉइडमध्ये ही निवड धन्याच्या हाती आहे. अक्षरांचा आकार आणि पडद्यावरील सर्व घटकांचा आकार या दोन स्वतंत्र सोयी आहेत. त्यांपैकी दुसरी २०१६ च्या सातव्या आवृत्तीत आली. २०२३ च्या चौदाव्या आवृत्तीत अक्षर दुपटीपर्यंत वाढवण्याची सोय झाली, आणि तीत मुळातच मोठी असलेली शीर्षके त्याच प्रमाणात फुगत नाहीत. तरीही अनेक फोन वर्षानुवर्षे कारखान्यातून आलेल्या मापावरच वापरले जातात. अशा धन्याने दोन लाभांपैकी कोणता घ्यावयाचा हे स्वतः ठरवलेले नसते, ते उत्पादकाने ठरवलेले असते.

वयानुसार निवड बदलते. तरुण डोळा विस्तार मागतो. चाळिशी लागलेला डोळा विवर्धन मागतो. कारण नेत्रभिंगाची लवचीकता घटल्याने वाचनाची वस्तू दूर धरावी लागते, आणि दूर धरल्याने अक्षराने डोळ्याशी केलेला कोन लहान होतो. त्याची भरपाई अक्षराचा प्रत्यक्ष आकार वाढवूनच होते. चष्मा नसतानाही फोन उचलून पाहावा लागतो, ही या प्रसंगाची विशेष अडचण आहे.

लिपीचाही येथे संबंध आहे. देवनागरीत अक्षराचा देह शिरोरेषेखाली असतो. वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार तिच्यावर आणि उकार, ऋकार खाली येतात. ठरलेल्या ओळीच्या उंचीत या तिन्ही स्तरांना जागा द्यावी लागल्याने मधला देह लहान होतो. ‘र्‍हस्व’, ‘द्वंद्व’, ‘उद्ध्वस्त’ यांसारख्या जोडाक्षरांत तर त्या लहान देहातच दोन-तीन व्यंजने रचलेली असतात. म्हणून रोमन मजकुराला पुरेसे असलेले माप मराठी मजकुराला अपुरे पडते, आणि मराठी वाचकाला मोठ्या पडद्याची गरज इंग्रजी वाचकापेक्षा अधिक असते. प्रणालीची मापे रोमन अक्षर समोर ठेवून ठरवलेली असल्यामुळे ही गरज धन्याला स्वतः ओळखावी लागते.

लेखनाचेही तसेच आहे. रोमन कळफलकाच्या वरच्या रांगेत दहा कळी असतात. ७२ मिलिमीटर रुंदीत प्रत्येकीला सुमारे ७ मिलिमीटर मिळतात. ३.२ इंची पहिल्या फोनवर हेच माप साडेचार मिलिमीटर आले असते. देवनागरीची वर्णसंख्या मोठी असल्याने तिच्या कळफलकाला तीन मार्गांपैकी एक घ्यावा लागतो : कळी अरुंद करणे, वर्ण दोन थरांत विभागणे, किंवा रोमन कळींवरून उच्चारानुसार लिहिणे. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेल्या ‘स्वरचक्र’ या कळफलकाने चौथा मार्ग काढला. व्यंजनावर बोट ठेवले की त्याभोवती स्वरचिन्हांचे चक्र उमटते आणि बोट त्या दिशेने सरकवून अक्षर पूर्ण होते. या रचनेत बोटाला चहूबाजूंनी मोकळी जागा लागते, आणि ती मोठ्या पडद्यावर अधिक मिळते.

दृष्टिविषयक विवेचनात एक वर्ग स्वतंत्रपणे घेतला पाहिजे : कागदासाठी मांडलेले दस्तऐवज. शासन निर्णय, परीक्षेचे हॉल तिकीट, सातबारा उतारा, बँकेचे विवरण, वृत्तपत्राचा ई-पेपर. हे दस्तऐवज पडद्यानुसार स्वतःची रचना बदलत नाहीत. ए-फोर कागदाची रुंदी २१० मिलिमीटर. ७० मिलिमीटर रुंद पडद्यावर तो उभा पाहिला की बरोबर एकतृतीयांश होतो, आणि १२ पॉइंटचे अक्षर ४ पॉइंटचे दिसते. ते वाचता येत नाही. फोन आडवा केला तर रुंदी सुमारे १५५ मिलिमीटर मिळते आणि तेच अक्षर सुमारे ९ पॉइंटचे होते. ते वाचता येते, परंतु एका वेळी पानाचा एकतृतीयांशच भाग दिसतो. म्हणून नियम असा : कागदी मांडणीचा दस्तऐवज मोठ्या फोनवरही आडवाच वाचावा. ज्या घरात संगणक नाही आणि शासनाशी होणारा सर्व व्यवहार याच एका पडद्यावरून होतो, त्या घरात मोठ्या फोनची निवड चैनीची मानता येत नाही. २०२० आणि २०२१ या वर्षांत शाळेचे तास अशाच घरांतील मुलांनी याच पडद्यावर पाहिले. दोष काढावयाचाच तर फोनच्या मापात काढू नये. नागरिक ज्या पडद्यावर दस्तऐवज वाचतात त्यासाठी तो मांडण्याची तसदी अजून पुरेशी घेतली जात नाही, यात काढावा.

४. हात

दृष्टीला जो लाभ होतो त्याचे मूल्य हात देतो. हे मूल्य कोठे आणि कसे द्यावे लागते, हा या विवेचनाचा गाभा आहे.

फोन धरणाऱ्या एका हाताला एकाच वेळी तीन कार्ये करावी लागतात : (१) आधार, म्हणजे वजन पेलणे, (२) स्थैर्य, म्हणजे फोन कलंडू न देणे, (३) संचलन, म्हणजे पडद्यावर अंगठा चालवणे. लहान फोनमध्ये ही कार्ये वेगवेगळ्या बोटांत सुखाने विभागली जातात. मोठ्या फोनमध्ये ती परस्परविरोधी होतात. अंगठा दूर पोचावा म्हणून तळवा सैल करावा लागतो. तळवा सैल झाला की स्थैर्य जाते. स्थैर्य राखण्यासाठी करंगळी खालच्या कडेला टेकू म्हणून लावावी लागते. आणि मग सर्व आधार सर्वांत दुर्बळ बोटावर येतो. मोठा फोन दीर्घकाळ वापरणाऱ्यांना करंगळीच्या आतल्या बाजूस जो दाब जाणवतो त्याची कारणपरंपरा ही आहे.

वजनाचा विचार केवळ ग्रॅममध्ये करणेही अपुरे आहे. हात फोनचा खालचा भाग धरतो आणि फोनचा गुरुत्वमध्य बहुधा त्याच्या मध्याजवळ असतो. मनगटाला वळवणारा जोर हा वजन आणि या दोन बिंदूंतील अंतर यांच्या गुणाकाराइतका असतो. उंच फोनमध्ये दोन्ही अवयव एकदम वाढतात. म्हणून वजन तीस टक्क्यांनी वाढलेला फोन मनगटाला तीस टक्क्यांहून अधिक जड वाटतो. दोन फोनांचे वजन समान असूनही एक जड आणि दुसरा हलका भासतो, याचेही स्पष्टीकरण हेच : कॅमेऱ्यांचा संच वरच्या टोकाला असल्याने काही फोनांचा गुरुत्वमध्य आणखी वर सरकलेला असतो.

संचलनाविषयी पॉल फिट्स यांनी १९५४ साली मांडलेला नियम येथे लागू होतो. लक्ष्यापर्यंत पोचण्याचा काळ लक्ष्याचे अंतर वाढले की वाढतो आणि लक्ष्याची रुंदी वाढली की घटतो. मोठ्या पडद्यावर बटणे रुंद करता येतात, हा लाभ. ती दूर जातात, ही हानी. बटण अंगठ्याच्या सहज कक्षेत असेल तोवर लाभ अधिक असतो. कक्षेच्या बाहेर मात्र नियमच अपुरा पडतो. कारण तेथे अंगठा केवळ अधिक अंतर जात नाही, तर आधी पकड बदलावी लागते.

पकड बदलण्याची ही क्रिया सर्वांत महत्त्वाची आहे. फोन तळव्यात वर-खाली सरकवताना काही क्षण बोटांची मिठी सुटलेली असते आणि फोन केवळ घर्षणाने थांबलेला असतो. हातातून फोन पडण्याचा धोका घट्ट धरलेल्या अवस्थेत अल्प आणि या संक्रमणाच्या क्षणी अधिक असतो. काचेची पाठ घर्षण कमी करते. घामट हात ते आणखी बदलतो. रबरी बॅक कव्हर ते वाढवते, परंतु रुंदीत दोन-तीन मिलिमीटरांची आणि वजनात काही ग्रॅमची भर घालते. म्हणजे फोन ज्या कारणाने निसटतो ते कारण कव्हर काही अंशी वाढवते, आणि निसटल्यावर होणारी हानी घटवते. पाठीला चिकटवलेले कडे हा या पेचावरचा अधिक युक्त उपाय आहे, कारण ते आधाराचे कार्य करंगळीकडून काढून मधल्या बोटांना देते आणि अंगठा मोकळा ठेवते.

प्रणालीकारांनीही उपाय केले आहेत; त्यांचे तीन प्रकार होतात. पहिला, संपूर्ण पडदा एका कोपऱ्यात लहान करणे. दुसरा, पडद्यावरील मजकूर खाली ओढून आणणे. अँड्रॉइडच्या २०२१ च्या बाराव्या आवृत्तीत ही सोय मुळातच आली. तिसरा, नियंत्रणे आरंभापासूनच खालच्या भागात मांडणे. २०१८ साली सॅमसंगने वन यूआय या आपल्या रचनेत वरचा भाग पाहण्यासाठी आणि खालचा स्पर्शासाठी असे तत्त्व स्वीकारले. २०२० साली फायरफॉक्सने पत्ता लिहिण्याची पट्टी तळाशी आणली. पहिला उपाय ज्या लाभासाठी फोन घेतला तोच रद्द करतो. दुसरा प्रत्येक वेळी एक कृती अधिक मागतो. तिसरा उपायच तत्त्वतः योग्य आहे, कारण तो दृष्टीचे क्षेत्र आणि हाताचे क्षेत्र वेगळे आहे हे मान्य करतो. २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून अँड्रॉइडमध्ये मागे जाण्याची खूण पडद्याच्या डाव्या आणि उजव्या, दोन्ही कडांवरून करता येते. डाव्या हाताने फोन वापरणाऱ्यांसाठी, आणि उजव्या हातात पिशवी असल्याने तात्पुरते डावखुरे झालेल्यांसाठी, ही गोष्ट मोलाची आहे.

अंगठ्याच्या दुखण्याविषयी सावधपणे बोलले पाहिजे. मनगटाजवळ अंगठ्याच्या बाजूस असलेल्या कंडरांच्या आवरणाची जी व्याधी डी क्वेरव्हेन या स्विस शल्यचिकित्सकाच्या नावाने ओळखली जाते, तिचे वर्णन त्यांनी १८९५ साली केले. तेव्हा फोन हातात धरून वापरण्याची वस्तू नव्हती. म्हणून ती व्याधी मोठ्या फोनमुळे होते असे विधान अतिव्याप्त ठरेल. एवढेच म्हणता येते की अंगठा तळव्यापासून दूर ताणण्याची पुनरावृत्ती त्या कंडरांवर ताण आणते, आणि मोठा फोन एका हाताने वापरणे ही अशी पुनरावृत्ती आहे. अंगठ्याच्या मुळाशी वेदना टिकून राहत असेल तर दुसरा हात वापरावा आणि वैद्यकीय सल्ला घ्यावा.

५. स्थिती

हाताला द्यावे लागणारे मूल्य सर्व प्रसंगी सारखे नसते. स्टीव्हन हूबर यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत पडद्याला स्पर्श करून फोन वापरणाऱ्यांपैकी ४९ टक्के एका हाताने, ३६ टक्के एका हातात धरून दुसऱ्या हाताने आणि १५ टक्के दोन्ही अंगठ्यांनी वापरताना दिसले. त्या काळचे फोन लहान होते. पहिल्या प्रकाराला मोठा फोन प्रतिकूल आहे, उरलेल्या दोहोंना अनुकूल. यावरून वापराच्या स्थितींचे चार भेद करता येतात.

पहिली स्थिती, बसून दोन्ही हातांनी. हिच्यात लाभ पूर्ण आणि मूल्य अल्प.

दुसरी, उभ्याने एका हाताने. मुंबईच्या लोकलमध्ये एक हात कडीला असतो. बाजारात एका हातात पिशवी असते. या स्थितीत मूल्य पूर्ण आणि लाभ अल्प, कारण वाचन थोडे आणि कृती नेमकी असते : पैसे देणे, तिकीट दाखवणे, फोन उचलणे. नित्य जीवनातील तातडीची बहुतेक कामे याच स्थितीत होतात. एखादा फोन ‘रोज नको वाटतो’ असे कोणी म्हणतो, तेव्हा बहुधा तो या स्थितीविषयी बोलत असतो. ‘सोडवत नाही’ असे म्हणणारा पहिलीविषयी बोलत असतो. दोन्ही विधाने खरी असतात, आणि पुष्कळदा एकाच माणसाची असतात.

तिसरी, पडून. येथे फोनचे वजन पेलण्यासाठी दंडाचे स्नायू सतत कार्यरत राहतात.

चौथी, हात न लावता : ओट्यावर टेकवून, गाडीच्या पट्टीवर बसवून. हिच्यात मोठा पडदा निःसंशय श्रेष्ठ आहे. परदेशी असलेल्या मुला-नातवंडांशी बोलताना घरातील चार माणसे एकत्र बसतात, ती याच स्थितीत. दुचाकीच्या हँडलला फोन बसवण्याविषयी मात्र एक सूचना आवश्यक आहे. कंप शोषण्यासाठी ज्या कॅमेऱ्याचे भिंग तरंगते ठेवलेले असते, त्याला इंजिनाचे दीर्घकाळचे कंपन बाधक ठरू शकते.

उघड्यावरच्या वापराचे दोन प्रसंग या चौकटीबाहेर उरतात. कडक उन्हात पडद्याला कमाल तेज लागते. परंतु उन्हाने आणि त्या तेजाने फोन तापला की प्रणाली स्वतःच तेज घटवते, आणि गरज सर्वाधिक असते तेव्हाच पडदा मंद होतो. पावसात पडद्यावरचा थेंब बोटाप्रमाणेच विद्युत्भार बदलतो, म्हणून फोन न केलेला स्पर्श नोंदवतो किंवा केलेला नोंदवत नाही. महाराष्ट्रात २०२१ च्या ऑगस्टपासून शेतकऱ्याला ई-पीक पाहणीसाठी शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र नोंदवावे लागते. खरिपाच्या हंगामात त्याला हे दोन्ही प्रसंग एकाच दिवशी येऊ शकतात. मोठा पडदा यांपैकी कशावरही उपाय नाही.

६. ऊर्जा आणि भंग

मोठा पडदा अधिक वीज घेतो, म्हणून मोठा फोन लवकर उतरेल, असा तर्क केला जातो. तो अपूर्ण आहे. पडद्याचा खर्च क्षेत्रफळाबरोबर वाढतो हे खरे. परंतु प्रक्रियकाचा आणि दूरसंचार संचाचा खर्च क्षेत्रफळावर अवलंबून नसतो, आणि बॅटरीची जागा मात्र क्षेत्रफळाबरोबर वाढते. म्हणून एकूण हिशेब मोठ्या फोनच्या बाजूने पडतो. पहिल्या नोटची बॅटरी २,५०० एमएएच होती. एस२४ अल्ट्राची ५,००० आहे. ओएलईडी पडद्यात काळा बिंदू प्रकाशतच नसल्याने गडद पार्श्वभूमी वापरल्यास खर्च आणखी घटतो.

भंगाचा हिशेब उलट आहे. सुमारे १२० ग्रॅमचा २०१० मधील फोन आणि २३२ ग्रॅमचा आजचा फोन एकाच उंचीवरून पडले, तर दुसरा जवळजवळ दुप्पट ऊर्जेने आदळतो, आणि आदळणारी काचही मोठी असते. कडेला वळलेल्या पडद्यावर टेंपर्ड ग्लास नीट बसत नाही आणि तळव्याचा अनाहूत स्पर्श नोंदला जातो. सपाट पडदा निवडणे हिताचे.

७. काल

धन्याचा अनुभव चार अवस्थांतून जातो. पहिली अवस्था अवघडलेपणाची. ती अल्पकाळ टिकते. दुसरी समायोजनाची : हात नवी पकड शिकतो, डोळा नवे माप प्रमाण मानतो. डोळ्याचे हे समायोजन बहुधा एकमार्गी असते. ज्याने मोठा पडदा पचवला त्याला जुना फोन पुन्हा हातात घेतल्यावर खेळण्यासारखा वाटतो, आणि हाताची तक्रार असूनही तो परत फिरत नाही. तिसरी अवस्था दिनक्रमाच्या पुनर्रचनेची. वर्तमानपत्र, दूरचित्रवाणी, पुस्तक यांच्या वेळेचा काही भाग या पडद्याकडे सरकतो. पडदा वाचनाला सुसह्य झाला की वाचन वाढते, आणि पाहणेही वाढते; दोहोंत फरक करण्याचे काम फोन करत नाही. चौथी अवस्था क्षयाची.

क्षयाची दोन अंगे आहेत. प्रणालीचे आयुष्य आता दीर्घ झाले आहे : २०२३ च्या पिक्सेल ८ला आणि २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ला सात वर्षे नव्या आवृत्त्या देण्याचे वचन उत्पादकांनी दिले. बॅटरीचे आयुष्य त्या मानाने अल्प आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमानुसार ८०० चार्जिंग आवर्तनांनंतर बॅटरीत किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे; रोज एक आवर्तन धरल्यास ही मर्यादा सव्वादोन वर्षांच्या आत येते. म्हणून सात वर्षे वापरावयाच्या फोनची बॅटरी एकदा, कदाचित दोनदा, बदलावी लागेल हे आरंभीच गृहीत धरावे. या काळात धन्याचे वयही सात वर्षांनी वाढते. चव्वेचाळिसाव्या वर्षी विस्तारासाठी घेतलेला पडदा पन्नाशीनंतर विवर्धनासाठी लागतो. फोनचा सर्व भाग झिजत असताना त्याच्या पडद्याचे माप हा एकच गुण असा आहे की ज्याची गरज धन्याला दरवर्षी अधिक भासते.

८. निर्णय

वरील विवेचनावरून निवडीचे निकष तीन ठरतात आणि त्यांचा क्रमही ठरतो : रुंदी, वजन, आणि मग कर्ण. चाळिशी ओलांडलेल्या, मराठीत वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या, बहुतांश बसून फोन वापरणाऱ्या माणसाने मोठा फोन घ्यावा. त्याच्या दृष्टीचा लाभ हाताच्या मूल्याहून अधिक आहे. ज्याचा दिवस उभ्याने, प्रवासात आणि एक हात गुंतलेला असा जातो, त्याने ७२ मिलिमीटरांच्या आसपास रुंदीचा फोन शोधावा, मग कर्ण कितीही भरो. दोन्ही स्थिती समान असतील तर वजनाला प्राधान्य द्यावे, कारण अक्षर वाढवता येते, वजन घटवता येत नाही.

भारतात पडद्याचा कर्ण बहुधा सेंटिमीटरमध्येही ठळक दिलेला असतो. रुंदी आणि वजन उत्पादकाच्या तपशिलांच्या तक्त्यात पाहावे लागतात. ते पाहून दुकानात जावे. फोन कव्हर चढवून एका हातात घ्यावा, उभे राहावे, आणि पकड न बदलता समोरच्या वरच्या कोपऱ्याकडे अंगठा न्यावा. नंतर ज्या मापात रोज वाचावयाचे त्या मापात एक मराठी पान उघडून वाचावे. या दोन कृतींना पाच मिनिटे पुरतात, आणि फोन विकत घेणाऱ्याने त्या केल्याखेरीज पैसे देऊ नयेत.